भक्ष्याचें अन्न

अंबरनाथच्या शिवमंदिरांत गाभाऱ्याकडे जातांना पायऱ्या चढाव्या लागत नाहींत, उतराव्या लागतात. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख येथें आहे; शिलाहार राजा मम्वाणि याच्या काळीं हें देऊळ पुरें झालें. पुरें झालें म्हणावयाचें तें केवळ रीतीप्रमाणें. कारण गाभाऱ्यावरचें शिखर अपुरेंच आहे. शेजारून वाहणारी वालधुनी कारखान्यांच्या सांडपाण्यानें अशी झाली आहे कीं तिच्याकडे न पाहतां आंत शिरावें.

शिवाचें कुटुंब हा संस्कृत कवींच्या थट्टेचा जुना विषय. गळ्यांतल्या नागाचा डोळा गणपतीच्या उंदरावर, आणि कार्तिकेयाच्या मोराचा डोळा त्या नागावर. असा संसार सांभाळतां सांभाळतां महादेवानें विष प्यालें यांत नवल काय, असें कोणी एक कवि म्हणून गेला आहे. थट्टा खरी, पण तिच्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. उंदीर हें नागाचें भक्ष्य आहे, आणि त्याच वेळीं तो त्या घरचाहि आहे. घरच्याला जेवूं घालावें लागतें.

हें सारें आठवण्याचें कारण आमचा एक जुना विद्यार्थी. तर्कशास्त्र आमच्यापाशीं शिकला आणि, त्याच्या सुदैवानें, पुढें प्राणिशास्त्राकडे वळला. विषासाठीं साप पाळणाऱ्या एका संस्थेंत सापांच्या खाद्याकरितां पांढऱ्या उंदरांची पैदास करण्याचें काम त्याच्याकडे आहे. गेल्या श्रावणांत तो आमच्याकडे आला तो धान्याच्या भावांचा कागद घेऊनच. खर्च कमी करा, असें वरून सांगण्यांत आलें होतें. बाजारांतील झाडलोटीचें धान्य घेतलें तर खर्च निम्म्यावर येई. कागद पुढें सरकवून तो म्हणाला, "सर, हे उंदीर शेवटीं सापाच्याच तोंडीं जायचे. त्यांना चांगलें खायला घालणें ही दया म्हणायची, कीं नुसता हिशेब?"

प्रश्न सोपा वाटला; पण घरीं परततांना तो आमच्या मागेंच आला.

प्रथम हिशेबाची बाजू पाहूं, कारण ती दिसते तितकी हलकी नाहीं. उंदराच्या मादीचा गर्भकाळ एकोणीस ते एकवीस दिवसांचा. व्याल्यावर दिवसाच्या आंत ती पुन्हां गर्भ धरूं शकते. म्हणजे एका वेताला पाजीत असतांना दुसरें वेत पोटांत वाढत असतें. तीन आठवड्यांनीं पिल्लें दुधावरून तुटतात. अशा जिवाला नुसत्या ज्वारीवर ठेवलें तर धान्यांत जें लायसिन नांवाचें द्रव्य कमी असतें त्याची उणीव पिल्लांच्या अंगावर दिसते. तें डाळीकडे भरपूर आहे. डाळींत जें उणें तें धान्याकडे आहे. आमच्या आज्यांना ही गोष्ट रसायनशास्त्रावांचून ठाऊक होती. म्हणून तर वरणभात. गव्हाचा भरडा, ज्वारी, भरडलेले हरभरे, थोडी सोयाबीनची पेंड, मोड आलेले मूग आणि चिमूटभर सुकट, एवढ्यावर प्रथिनांचें प्रमाण शेंकडा वीसच्या आसपास येतें, आणि तयार कांड्यांहून तें स्वस्त पडतें. सूर्यफुलाच्या बिया उंदीर आधाशासारखे खातात. पण लठ्ठ मादी नीट वीत नाहीं. शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी धरली असेल तर ती फेंकून द्यावी. १९६० सालीं इंग्लंडांत हजारों टर्की पक्षी मेले ते असल्याच पेंडीनें, आणि त्यांतूनच अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. झाडलोटीच्या धान्याचा विचार येथेंच संपतो. क जीवनसत्त्वाची मात्र काळजी नको; तें उंदीर स्वतःच्या शरीरांत तयार करतो. ती शक्ति आपण गमावली आहे.

उंदराला काय घालावें हा प्रश्न आपल्या देशांत कधींच केवळ उंदराचा नव्हता. कुन्नूर येथील प्रयोगशाळेंत रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनीं सारख्या वयाच्या उंदरांचे गट करून एकाला शिखांचें, एकाला पठाणांचें, एकाला मराठ्यांचें, एकाला बंगाल्यांचें, एकाला मद्रासकडचें जेवण घातलें. शीख जेवणाचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, मद्रासी जेवणाचे सर्वांत खुरटे; आपल्या भाकरीचा क्रमांक मधला, वरच्या बाजूकडे झुकणारा. दुसऱ्या एका प्रयोगांत त्यांनीं उंदरांस गरीब इंग्रजाचा आहार दिला: पांढरा पाव, मार्गारीन, डब्यांतील मांस, जॅम, गोड चहा. ते उंदीर चिडखोर झाले, सांभाळणाऱ्यांस चावूं लागले, आणि साठाव्या दिवसाच्या सुमारास आपल्यांतील दुबळ्यांना मारून खाऊं लागले. तीच प्रयोगशाळा पुढें हैद्राबादेस जाऊन राष्ट्रीय पोषण संस्था झाली. आपल्या ताटाविषयीं आपण जें जाणतों त्यांतलें पुष्कळ या मूक पंक्तीनें आपल्याआधीं जेवून दाखविलेलें आहे.

तेव्हां हिशेब सांगतो कीं चांगलें घाला. उपाशी किंवा तहानलेली आई पिल्लें खाते, खुरट्या उंदरावर सापहि खुरटतो, आणि साप खुरटला तर विष कमी मिळतें. तें विष घोड्याला अल्प प्रमाणांत टोंचून त्याच्या रक्तांतून प्रतिविष काढतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसें या चौघांवर चालणारें हें औषध परळच्या हाफकिन संस्थेंत पिढ्यान् पिढ्या होत आलें आहे. त्याची ताकद पाहावयाची तीहि पुन्हां पांढऱ्या उंदरावरच. म्हणजे या साखळींत उंदीर दोनदां मरतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें मेलीं असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. भाताच्या खाचरांत अनवाणी उतरणाऱ्या बाईपुढें उंदराची बाजू घेऊन उभें राहण्याचें धाडस आम्हांस नाहीं.

पण जेथें हिशेब आणि दया एकच वाट दाखवितात तेथें दयेची परीक्षा होत नाहीं. म्हणून आम्हीं विद्यार्थ्यास उलट विचारलें: जी मादी आतां वीत नाहीं, सापाला द्यावयाचीहि नाहीं, आणि जिला शुक्रवारीं मारावयाचें ठरलें आहे, तिला बुधवारीं आणि गुरुवारीं काय घालतोस? तो गप्प बसला. त्या दोन दिवसांच्या घासांतून कोणाचाच लाभ नाहीं. लाभ फक्त तिचा.

कांट म्हणेल, तिलाहि घाल, कारण जनावराशीं क्रूर होणारा माणूस पुढें माणसांशींहि क्रूर होतो. हें उत्तर आम्हांस कधींच पटलें नाहीं. त्यांत उंदीर म्हणजे आपल्या चारित्र्याची तालीम करण्याचा मुद्गल ठरतो. बेंथामनें १७८९ त जनावराच्या बुद्धीचा नव्हे, तर त्याच्या वेदनेचा प्रश्न पुढें आणला. तो आम्हांस अधिक जवळचा वाटतो. तरीहि वेदना तोलणाऱ्याच्या ताजव्यांत एका म्हाताऱ्या उंदरिणीची दोन दिवसांची भूक किती भरणार?

येथें एक आठवण मध्यें येते. लहानपणीं आमच्या घरीं लांकडी सांपळा असे, आणि त्यांत आई भज्याचा तुकडा लावी. सकाळीं सांपळा बादलींत बुडविण्याचें काम आमच्याकडे. १९९४ च्या सप्टेंबरांत सुरतेच्या प्लेगची बातमी आली तेव्हां तर त्या कामास पुण्याचा रंग चढला होता. त्या उंदरानें आयुष्यांत खाल्लेला सर्वांत चवदार घास आमच्या घरचाच असेल. मग पैदाशीच्या पेटींतला मूग हा तरी दुसरें काय? लांबविलेलें आमिषच नव्हे काय?

पुष्कळ विचारांतीं आम्हांस वाटतें कीं नाहीं. सांपळ्यांतील उंदीर आमच्या भिंतींत स्वतःच्या हिंमतीवर जगत होता. त्याच्या भुकेचें आम्ही कांहीं लागत नव्हतों. पेटींतला उंदीर कण्याच्या शोधांत बाहेर जाऊं शकत नाहीं. झांकण आपण लावलें त्या क्षणीं त्याची भूक ही आपली कृति झाली. मृत्यूची गोष्ट वेगळी आहे. साप पाळावयाचा तर कोणाचा तरी मृत्यु येणारच, मग मेलेला उंदीरहि सापानें पत्करला तर जिवंत टाकूं नये एवढें पाहावें. परंतु भुकेला साप कारण नाहीं, औषध कारण नाहीं. ती फक्त झांकण लावणाऱ्याची.

आणि याला दया म्हणूं नये. शिबि राजानें कपोताला वांचविलें तेव्हां ससाण्यानें त्याला ऐकविलें कीं माझ्या उपासाचें काय? राजानें त्याला अधर्मी ठरविलें नाहीं. स्वतःच्या मांडीचें मांस कापून दिलें. आम्ही ससाण्याची भूक मान्य करतों, आणि किंमत देतों ती कपोताच्या मांसानें. असें करणाऱ्याच्या तोंडीं दया हा शब्द मोठा पडतो. देणें हा शब्द पुरे. वाण्याचें देणें फेडणारा स्वतःला उदार म्हणवीत नाहीं.

कायद्यानें या देण्याकडे विचित्र डोळ्यांनीं पाहिलें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें नागाला संरक्षण दिलें, आणि उंदराला कावळा, वटवाघुळ यांच्यासह उपद्रवी प्राण्यांच्या पांचव्या परिशिष्टांत बसविलें. २०२२ च्या दुरुस्तीनें तें परिशिष्ट गेलें. महादेवाच्या घरीं मात्र दोघांचीहि मूर्ति घडवितांना शिल्पकार असा भेद करीत नाहीं.

विद्यार्थ्यानें कागद पुन्हां मांडला. झाडलोटीच्या धान्यावर त्यानें काट मारली, सोयाबीनची पेंड कमी करून हरभरा वाढविला, सुकट आठवड्यांतून दोनदांच ठेविली. खर्च पूर्वीपेक्षां थोडा उतरला, वरच्यांना हवा तितका नाहीं. मग मिश्रणाच्या खालीं त्यानें एक ओळ लिहिली, कीं काढून टाकावयाच्या माद्यांनाहि शेवटच्या दिवसापर्यंत हेंच. "वर विचारतील तर काय सांगूं?" असें त्यानें विचारलें. आम्हीं म्हटलें, कांड्यांचा भाव दाखव. तो हंसला, आणि बदलापूरची गाडी पकडण्यासाठीं उठला.