कुंपणाची तपासणी कोणी करायची?

ऑगस्ट २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या घोड्यांना फ्लू झाला. त्या देशात हा रोग तोवर शिरलेलाच नव्हता. सिडनीजवळ ईस्टर्न क्रीक इथल्या सरकारी विलगीकरण केंद्रात परदेशातून आलेले घोडे ठेवले होते. विषाणू तिथूनच निसटला असावा, असं पुढे चौकशीत निघालं. शर्यती बंद पडल्या, घोड्यांची ने-आण थांबली आणि शर्यतींवर पैसा लावणारा देश खवळला. (घोड्यांऐवजी ज्वारीवर रोग पडला असता तर चौकशी इतक्या झटपट लागली असती का, याची मला शंका आहे.) निवृत्त न्यायमूर्ती इयन कॅलिनन यांनी केलेल्या चौकशीचा सूर साधा होता. नियम होते, केंद्र होतं, पगारी माणसंही होती. पण नियम खरोखर पाळले जातात का, हे बाहेरून येऊन बघणारं कोणी नव्हतं.

त्यातून आधी घोड्यांच्या आयातीपुरता एक महानिरीक्षक नेमला गेला. पुढे या पदाची कक्षा वाढली आणि कीड, तण, रोग या सगळ्यांबाबत खातं काय करतं, हे तपासणं त्याच्याकडे आलं; २०१५ च्या जैवसुरक्षा कायद्यानं या पदाला कायद्याचा आधार दिला. हा महानिरीक्षक सीमेवर पेट्या उघडत नाही, फवारणी करत नाही, कुणाला दंडही करत नाही. खात्याचं काम तपासून तो लिहितो. लिहिलेलं छापलं जातं आणि त्यासोबत खात्याला उत्तर द्यावं लागतं.

खात्यानं स्वतःच स्वतःला तपासलं तर काय बिघडतं? या कामात यश दिसत नाही, ही खरी अडचण आहे. जी कीड आलीच नाही, तिच्याबद्दल हार-तुरे मिळत नाहीत. अपयश दिसतं तेव्हा बराच काळ लोटलेला असतो. ज्याच्या नजरेखालून बी सुटलं तो अधिकारी बदलून गेलेला असतो, कधी निवृत्तही झालेला असतो. शिवाय आयात सुरळीत चालावी, व्यापाऱ्यांनी तक्रार करू नये, हाही दबाव त्याच खात्यावर असतो. परीक्षार्थ्यानंच उत्तरपत्रिका तपासावी, आणि तीही निकाल लागून दहा वर्षांनी, अशी ही गत.

नोव्हेंबर २०१६ मध्ये क्वीन्सलँडच्या लोगन नदीकाठच्या कोळंबी शेतीत पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू सापडला. माणसाला तो अपायकारक नाही, कोळंबीचा मात्र फडशा पाडतो. तेव्हाच्या महानिरीक्षक डॉ. हेलन स्कॉट-ऑर यांनी आयात कोळंबीवरच्या नियंत्रणाची तपासणी केली. काही आयातदार तपासणी चुकवत होते, दुकानात विकल्या जाणाऱ्या कच्च्या कोळंबीत विषाणू होता, आणि सीमेवरची व्यवस्था त्यापुढे तोकडी पडली होती. हे सगळं त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं. घरच्याच माणसानं घरचं उणं असं चारचौघांत मांडणं आपल्याकडे शिष्टाचारात बसत नाही. तिथेही ते कुणाला गोड लागलं असेल असं नाही.

पण या व्यवस्थेचीही एक कमकुवत बाजू आहे. महानिरीक्षकाला मदतीची माणसं खात्याकडूनच मिळतात. आणि जो अहवाल या पदाच्या चौकटीबाहेर लिहिला जातो, त्याचं काय होतं ते लाल अग्निमुंग्यांच्या प्रकरणात दिसलं. २००१ मध्ये ब्रिस्बेनला या मुंग्या आढळल्या. २०१७ मध्ये त्यांच्या निर्मूलनासाठी दहा वर्षांना मिळून ४१ कोटी १० लाख डॉलर ठरले. २०२१ मध्ये याच स्कॉट-ऑर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं सांगितलं की एवढ्यानं भागणार नाही, दर वर्षाला वीस-तीस कोटी लागतील. हा अहवाल बराच काळ लोकांसमोर आलाच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंग्या सीमा ओलांडून न्यू साउथ वेल्समध्ये सापडल्या. अहवाल वेळीच बाहेर आला असता तर त्या थांबल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. पण पैसे पुरणार नाहीत हे ज्यांच्या रानात त्या येणार होत्या, त्यांना आधी कळायला हवं होतं.

महाराष्ट्राचा याच्याशी संबंध गाजर गवत या बाहेरून आलेल्या तणापुरता तरी आहेच. पुण्यात त्याची नोंद १९५५ ची. ते पीएल-४८० या अमेरिकी मदतीच्या गव्हाबरोबर आलं, असं गावोगाव सांगतात. पण भारताशी त्या मदतीचा करार झाला १९५६ मध्ये. अमेरिकी गहू त्याआधीही येत होता, म्हणून गव्हाला अगदी निर्दोष ठरवता येत नाही. मध्य क्वीन्सलँडमध्ये हेच तण टेक्सासहून आलेल्या चाऱ्याच्या बियाण्यातून १९६० च्या सुमारास शिरलं. बी कुठल्या मालातून आलं, हे तिथे सांगता येतं; आपण मात्र अजून गव्हाच्या गोष्टीवर भागवतो.

आपल्याकडे १९१४ चा कीड-रोग कायदा आहे, २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश आहे, बंदरांवर केंद्रं आहेत. तरीही २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी सोलापूरकडच्या मक्यात शिरली. २०१३ मध्ये कृषी जैवसुरक्षा विधेयक लोकसभेत आलं आणि लोकसभा बरखास्त होताच रद्द झालं. त्यात प्राधिकरण होतं, म्हणजे काम करणारा आणखी एक हात. तसं विधेयक पुन्हा आलंच तर त्यात बाहेरचा तपासनीस असावा, त्याची माणसं आणि पैसा कृषी खात्याकडून येऊ नये, आणि त्याचा अहवाल ठरावीक मुदतीत, खात्याच्या उत्तरासकट, मराठीसह राज्याराज्यांच्या भाषांत छापण्याचं बंधन कायद्यातच असावं.