मालकाचं दिग्व्रत

डिचोली तालुक्यातल्या एका छोट्या फुटबॉल क्लबच्या कमिटीवर मी दोन वर्षं होते. फुटबॉल कळतो म्हणून नव्हे. मुलांच्या जर्सी आणि बसभाडं आमच्या दुकानातून जायचं, आणि आमच्या घरातून एक पुतण्या खेळायला जायचा. एवढी पात्रता कमिटीला पुरते.

डिचोली-पेडण्याकडे फुटबॉल सासष्टीसारखा अंगात मुरलेला नाही. आमच्याकडे आधी नाटक, मग क्रिकेट, मग हे. त्यामुळे खेळणारे मोजके आणि सांगणारे फार. कोच होते पेडण्याहून येणारे एक सर, शाळेत पीटी शिकवणारे. म्हापशाला बस बदलून यायचे, मानधन जवळजवळ नव्हतंच. पहिले तीन सामने आम्ही हरलो आणि तिन्ही वेळा पुतण्या बाकावर. मी लाडवांचा डबा घेऊन सरावाला गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. सर हसले. म्हणाले, "वहिनी, भुरगो तुमचो, पूण टीम म्हजी."

मला राग आला. पुढच्या बैठकीत मी बोलले, "जर्सी आम्ही देतो त्या काय बाक पुसायला?" सगळे हसले. पण वाट फुटली ती फुटलीच. बस देणाऱ्यांनी आपल्या भाच्याचं नाव सुचवलं, मंडपवाल्यांनी गोलकीपर बदलायला सांगितलं. चवथीच्या आधी सरांनी शिट्टी आणि प्लास्टिकचे कोन मोजून परत केले. भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, मला त्यांच्याबद्दल चार वाईट शब्द बोलता आले असते.

दशलक्षण पर्वात प्रवचनात मडकं आणि कुंभाराचा तोच जुना दृष्टांत आला. मडकं मातीच होते, कुंभार निमित्त. मातीत मडकं होण्याची योग्यता नसेल तर कुंभाराने जन्मभर चाक फिरवलं तरी काय? लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. त्या दिवशी प्रथमच विचार आला, की कुंभारही निमित्तच असेल, तर कुंभाराला चाक विकत घेऊन देणारी मी कोण? आणि चाकाचे पैसे दिले म्हणून मडक्याला आकार कोणता द्यायचा हे सांगणारी मी कोण?

हा प्रश्न मोठ्या क्लबांनाही सुटलेला नाही. एफसी गोवाचंच घ्या. ब्राझीलचा झिको कोच, मालकांच्या यादीत विराट कोहलीसुद्धा, आणि 2016 च्या हंगामात संघ आठात आठवा. मग 2017 मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा आले. त्यांनी संघाला चेंडू पायात ठेवून खेळायला लावलं; 2019 मध्ये संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, सुपर कप जिंकला. आणि 31 जानेवारी 2020 ला, संघ तक्त्यात वर असताना, क्लबने त्यांना निरोप दिला. उरलेल्या सामन्यांना आपला क्लिफर्ड मिरांडा उभा राहिला. 19 फेब्रुवारीला जमशेदपूरला पाच-शून्य हरवून गोव्याने लीगची ढाल घेतली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात थेट जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला.

आता ती ढाल कोणाची? लोबेरांची म्हणावं तर ते तिथे नव्हते. क्लिफर्डची म्हणावं तर तीन आठवड्यांत संघ घडत नाही. मालक म्हणतील, आमचा निर्णय बरोबर ठरला. पण निर्णयानंतर चांगलं झालं म्हणजे निर्णयामुळे झालं, हे कशावरून? सून आल्यावर दुकान चाललं की तिचा पायगुण चांगला, बसलं की वाईट. आपण बायका या हिशेबात पिढ्यान्‌पिढ्या भरडल्या गेलो आहोत. निदान आपल्याला तरी तो खोटा आहे हे कळायला हवं. कोचचंही तेच करतात. हरला की पायगुण वाईट.

याच्या उलट धेंपो. आर्मांदो कुलासो तिथे वर्षानुवर्षं कोच होते आणि त्या काळात क्लबने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, पहिलं 2004-05 चं, शेवटचं 2011-12 चं. क्लिफर्ड त्याच संघात खेळलेला. कुलासो 2013 मध्ये गेले आणि 2015 मध्ये धेंपो खालच्या श्रेणीत घसरला. यावरूनही "एकच कोच ठेवा, सगळं ठीक होईल" असा नियम मी काढणार नाही. मधे 2012 ची खाणबंदी झाली होती, आणि गोव्यातल्या मोठ्या क्लबांमागचा पैसा बराचसा आमच्याच तालुक्यातले डोंगर फोडून आलेला होता. (त्या पैशाबद्दल अहिंसेचं नाव घेणाऱ्या माणसाने काय बोलावं, हा वेगळा निबंध आहे. आमच्या दुकानाचं गिऱ्हाईकही ट्रकवालेच होते.) पण एक दिसतं. रोप लावलं तर त्याला रोज उपटून मुळं बघायची नसतात.

माझी नणंद म्हणाली, "मग मालकाने काय हात जोडून बसायचं? पैसे त्याचे बुडतात." खरं आहे. लक्ष न देणं हाही प्रमादच. पोरांना वेळेवर खायला मिळतं का, कोणी हात उगारतो का, पैसा कुठे गेला, हे विचारायलाच हवं. कोच नालायक असेल तर त्याला काढायलाही हवं. पण हिशेब मागणं वेगळं आणि अकराजण निवडणं वेगळं. स्वयंपाकाला बाई ठेवायची आणि मग तिच्या मागे उभं राहून मीठ आपण घालायचं. आमटी खारट झाली की बाई बदलायची. हे मी केलेलं आहे, म्हणून सांगते.

आपल्याकडे श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे: दहा दिशांना आपली हद्द आखायची, पलीकडे जायचं नाही. अनर्थदंडविरती आहे, आणि अनर्थदंडांत पापोपदेश मोडतो. गरज नसताना दिलेला वाईट सल्ला, असा मी त्याचा अर्थ लावते. आपण दान देतो, पण ममत्व सोडत नाही; फरशीवर नाव कोरून घेतो आणि मग फरशीवर कोण कसा चालतो ते बघत बसतो. मी दिलेल्या जर्सी माझ्या राहिल्याच होत्या, फक्त धुणं दुसऱ्यांकडे गेलं होतं.

क्षमावाणीला मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "असूं दी वहिनी." परत आले नाहीत. येतील असं मला वाटलं होतं, तेही क्षमेत धरून ठेवलेलंच काहीतरी.

नवा कोच निवडायला बैठक बसली. सगळ्यांनी उमेदवाराला विचारलं, किती सामने जिंकून देणार? मी म्हटलं, आधी आपण काय काय करणार नाही ते लिहू. अर्धा तास वाद झाला. मंडपवाले उठून गेले, त्यांच्या वर्गणीसकट. शेवटी वहीत तीन ओळी लिहिल्या गेल्या: संघ कोच निवडेल, सामन्यादरम्यान कमिटीतला कोणी रेघेजवळ जाणार नाही, आणि हंगाम संपेपर्यंत कोच बदलायची गोष्ट काढायची नाही. खाली सगळ्यांच्या सह्या, माझी पहिली.

पहिल्या सामन्याला पुतण्या बाकावर होता. मी लांब, आंब्याखाली बसले होते. पहिल्या पंधरा मिनिटांत दोनदा उठले.