मेहनताना आणि हिशेब

नाचणगावच्या एखाद्या शेतकऱ्याचा वाटणीचा दावा वर्ध्याच्या कोर्टात निकाली निघतो आणि वर्षभराने वकीलसाहेबांचे जादा बिल येते. नाकारावे का? घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही शिकवण वकिलाच्या श्रमालाही लागू आहे. पण मुदतीचे देणे लिहून ठेवा, असे सूरह बकराची २८२ वी आयत सांगते. आपण सुरुवातीला ‘फीचे नंतर पाहू’ म्हणतो. भांडणाचे बी तिथेच पडते. आधी न सांगितलेली रक्कम पक्षकाराचा नकाराचा हक्कच हिरावते. म्हणून ठरलेले द्यावे, उरलेल्याचा तपशील मागावा. थकलेल्या फीसाठी वकिलाला कागदपत्रे अडवता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला आहे. हिशेब मागणे म्हणजे बेअदबी नव्हे.