धीर

संकटात सापडलेल्या माणसाला आपण सहज सांगतो, "धीर धरा." परंतु धीर म्हणजे केवळ शांत राहणे काय, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ऋग्वेदात 'धीर' म्हणजे बुद्धिमान. त्याचे मूळ 'धी', म्हणजे बुद्धी. 'अढळ' हा पुढे रूढ झालेला अर्थ 'धृ', म्हणजे धारण करणे, या धातूशी जोडतात. संस्कृत नाट्यशास्त्राने नायकाचे चार प्रकार मानले: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. प्रशांत हा त्यांतील एक. उद्धत नायकही धीरच. तेव्हा धीर आणि शांतता या एकच वस्तू नव्हेत. 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात तपस्वी शंकर पार्वतीला सेवेची अनुज्ञा देतो. मन विचलित करणारे कारण समोर असू देऊन अविचल राहणे, हे कालिदासाच्या लेखी धीराचे लक्षण. तोंड फिरवून मिळविलेली शांती त्यात बसत नाही.

उत्तरेकडे बदलून आलेल्या आपल्या वाचकांच्या कानी याच शब्दाचे आणखी एक रूप रोज पडते: 'धीरे', म्हणजे हळूहळू. ते आम्हांस मोठे सूचक वाटते. मेजामागचा अधिकारी जिला आपली समवृत्ती समजतो, ती मेजापुढे निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन उभ्या असलेल्या विधवेला निव्वळ दिरंगाई वाटत असेल. परदुःखाने न हलणे हाच धीर असेल, तर तो दगडाच्याही अंगी आहे.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या दुःखाने विरघळणाऱ्याच्या हातून काम कसे व्हावे? आक्षेप रास्त आहे. चित्त स्थिर हवेच. प्रश्न इतकाच, की ते कोणासाठी?

येथे मराठी भाषाच आपल्या हाती एक कसोटी देते. संस्कृतात मुख्यतः विशेषण असलेला हा शब्द मराठीत नाम झाला. म्हणून तो सुटतो, खचतो, आणि दुसऱ्यास देताही येतो. शांतता आपण राखतो. धीर राखतो आणि देतोही. नियमामुळे नकार द्यावा लागला, तरी त्याचे कारण नीट सांगितले, कोणता कागद कमी आहे ते दाखविले, तर समोरचा माणूस थोडा धीर घेऊन उठतो. तो तसा उठत नसेल, तर आपली शांतता आपल्यालाच लखलाभ!