एकांत आणि लोकांत

दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या भाविकाभोवती टाळ, घंटा व नामघोष यांचा गजर असतो. वारकरी संप्रदायाने तर भक्ती चारचौघांच्या संगतीतच रुजविली. नरसीच्या संत नामदेवांनी कीर्तनाच्या रंगात सर्व जातींच्या लोकांना एकत्र आणले. अशा संस्कृतीत जो अबोल असतो, मंडळींत मागे बसतो, त्याला सहजच 'घुमा' किंवा 'माणूसघाणा' म्हटले जाते. हा शिक्का न्याय्य आहे काय? एकांत शोधणे हा स्वार्थ आहे काय?

श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. एकांत स्थळी राहण्याची आवड आणि जनसमुदायात न रमणे यांचीही त्यांत गणना आहे. लोक ज्याला उणीव समजतात, त्याला गीतेने ज्ञानाच्या पंक्तीत बसविले आहे. मात्र त्याच पंक्तीत अहिंसा, क्षमा व गुरुसेवाही आहेत. म्हणून माणसांचा तिटकारा करणाऱ्यास या वचनाचा आधार घेता येणार नाही.

लातूरच्या शेजारी, बीड जिल्ह्यात अंबाजोगाई आहे. तेथील डोंगरदरीत मुकुंदराजांची समाधी आहे. त्याच गावी दासोपंतांनी (१५५१–१६१५) अफाट ग्रंथरचना केली. त्यांच्या 'गीतार्णवा'च्या ओव्या सव्वा लाख मानल्या जातात, आणि सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर लिहिलेली त्यांची 'पासोडी' प्रसिद्ध आहे. विचार सभेत सुचेलही. परंतु त्याला शब्द, क्रम आणि आकार द्यावयाचा तर दीर्घकाळ स्वतःशीच बसावे लागते.

एकांत ही संसारातून पळवाट आहे, असा आक्षेप घेतला जातो. संत तुकाराम महाराजांचे चरित्र त्यास उत्तर देते. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पत्नी व मुलगा गेले, व्यापार बुडाला. ते देहूजवळच्या भंडारा डोंगरावर चिंतनास जाऊ लागले. चरित्रकार सांगतात की, त्यांनी धाकट्या भावाचा वाटा त्यास देऊन आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. आधी इतरांची देणी-घेणी मोकळी केली, मग मन मोकळे केले. डोंगरावर जे लाभले ते त्यांनी स्वतःपाशी ठेवले नाही. कीर्तनातून गावाला दिले.

पण डोंगरावर जाण्याची मुभा सर्वांनाच कोठे असते? गंगाखेडच्या संत जनाबाई नामदेवांच्या घरी राबत होत्या. त्यांना वेगळी खोली नव्हती, रिकामा वेळ नव्हता. दळणकांडण करताना जो निवांतपणा मिळाला, त्यातच त्यांचे अभंग उमलले. हात कामात असताना त्यांनी मन एकांतात ठेवले. त्यांचा हा मोठेपणा खरा. तथापि घरातील स्त्रीला अर्धा तास निवांत बसू न देणाऱ्या कुटुंबाने त्याचा दाखला देऊन आपली जबाबदारी टाळू नये.

'लातूर पॅटर्न'मुळे या शहरात राज्यभरातून विद्यार्थी शिकावयास येतात. परीक्षेपूर्वी पालक त्यांना देवदर्शनास आणतात. त्यांत एखादे मूल फारसे बोलत नाही, मित्रांत मिसळत नाही, वहीत काहीतरी लिहीत वा रेखाटत बसते. ते दुःखी किंवा आजारी नाही ना, याची मायेने विचारपूस अवश्य करावी. पण ते आपल्याच नादात आनंदी असेल, तर त्याला बोलके करण्याचा अट्टाहास धरू नये. बी मातीआड असते तेव्हा ते वारंवार उकरून पाहिल्याने रुजत नाही.

प्रत्येकाच्या एकांतातून ग्रंथ निर्माण होईल असे नाही, तशी अपेक्षाही नसावी. घटकाभर शांत बसून घरी परतलेल्या माणसाची वाणी थोडी मृदू झाली, रागाने तुटलेले नाते जोडावेसे वाटले, तरी तो एकांत सार्थकी लागला. लोकांताला काहीतरी देऊन जातो, तोच एकांत निर्दोष.

भाविकांनी दर्शनानंतर भ्रमणध्वनी बंद ठेवून सभामंडपात काही क्षण स्तब्ध बसावे आणि शेजारी बसलेल्याच्या शांततेलाही देवपूजेइतकाच मान द्यावा.