जुनी हार्ड डिस्क आणि अमानत

अमानत म्हटले की कुणी विश्वासाने ठेवायला दिलेले पैसे किंवा दागिने आपल्या डोळ्यांसमोर येतात. शरीअतमध्ये मात्र या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. बोलता बोलता एखाद्याने आजूबाजूला पाहून घेतले, तर त्याचे ते बोलणे ऐकणाऱ्याजवळ अमानत ठरते, अशा आशयाची हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. ‘कुणाला सांगू नका’ असे त्याने म्हणण्याचीही गरज नाही.

आज अशा अमानती संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये साठलेल्या असतात. आपल्या मानपाड्यात काय किंवा अन्यत्र काय, हिशेबनीस, दवाखाने, झेरॉक्सची दुकाने आपले संगणक काही वर्षांनी बदलतात आणि जुने यंत्र भंगारात जाते. त्यासोबत लोकांची आधार कार्डे आणि रुग्णांचे अहवालही जातात. जमातीच्या कार्यालयाचा संगणक असेल, तर त्यात जकात घेणाऱ्यांची यादी असते, खुला-तलाकचे कागद असतात. गरजूंना गुप्तपणे देणे अधिक चांगले, अशी शिकवण सूरह अल्-बकरा (आयत 271) देते. देताना जपलेली ती गुप्तता भंगाराच्या दुकानात उघडी पडावी काय?

‘आम्ही सर्व डिलीट केले होते’ हे उत्तर पुरेसे नाही. डिलीट केल्याने फाइलची केवळ नोंद जाते, मजकूर जागेवर राहतो. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्याने प्रकरणे नाहीशी होत नाहीत, तसेच हे आहे. मॉर्गन स्टॅनली या बलाढ्य अमेरिकी वित्तसंस्थेने असे काम अननुभवी कंपनीवर सोपवले आणि ग्राहकांच्या माहितीसह उपकरणे विकली गेली. सप्टेंबर 2022 मध्ये तिला साडेतीन कोटी डॉलरचा दंड मान्य करावा लागला.

मग डिस्क फोडून टाकावी काय? येथे खरा पेच आहे. मालमत्ता वाया घालवणे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी निषिद्ध ठरवले आहे. चालू स्थितीतील संगणक एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या उपयोगी पडू शकतो. परंतु लाभ मिळवण्यापेक्षा हानी टाळणे अग्रक्रमाचे, हा फिकहचा प्रसिद्ध नियम आहे. ह. उस्मान (रजि.) यांनी कुरआनच्या प्रमाणित प्रती पाठवल्यावर इतर लिखित प्रती जाळण्याचा आदेश दिला, हे सहीह बुखारीत नमूद आहे. मोठी हानी टाळण्यासाठी केलेला नाश हा अपव्यय नव्हे.

म्हणून क्रम असा असावा. डिस्क चालू असेल, तर योग्य सॉफ्टवेअरने तिच्या संपूर्ण जागेवर नवी नोंद लिहून जुनी माहिती मिटवावी. एसएसडी असेल, तर उत्पादकाने दिलेली पुसण्याची आज्ञा वापरावी. मग ती खुशाल दान करावी. बंद पडलेली डिस्क पुसता येत नाही. तिच्या आतील तबकड्याच निकामी कराव्यात, एसएसडी असेल तर तिच्यातील चिप. अवशेष जाळू नयेत, कारण विषारी धूर हा शेजाऱ्यावर अन्याय आहे. ते अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावेत. प्रयोजन संपल्यावर वैयक्तिक माहिती पुसावी, हे तत्त्व भारताच्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही आहे.

हिजरतच्या वेळी मक्केचे लोक प्रेषितांच्या (स.) जिवावर उठले होते. तरीही त्यांच्याच ठेवी परत करण्यासाठी प्रेषितांनी (स.) ह. अली (रजि.) यांना मागे ठेवले. शत्रूची अमानतही ज्या धर्मात इतकी जपली जाते, त्याच्या अनुयायांनी आपल्या शेजाऱ्याची, रुग्णाची, विधवेची अमानत भंगाराच्या भावात विकावी, हे शोभणारे नाही. आपली माहिती कुठे गेली, हे त्या बिचाऱ्यांना कदाचित कधीच कळणार नाही. अल्लाहला मात्र ते ठाऊक आहे, आणि अमानतीचा हिशेब त्याच्याच समोर द्यायचा आहे.