माझ्याजवळ आहे



धर्मगुरूनिवासाच्या कार्यालयात दाखला घ्यायला किंवा मिस्सा सांगायला जे जे आले असतील, त्यांनी माझ्या खुर्चीमागे भिंतीवर टांगलेली गिटार पाहिली असेल. आता तो खिळा बरेच महिने रिकामा आहे. "फादर, गिटार विकली काय?" असे तिघाचौघांनी विचारले. विकली नाही आणि चोरीलाही गेली नाही. ती कुठे गेली, हे आज सांगावे म्हणतो. गोष्ट एका स्वस्त गिटारीची आहे, पण तिच्यातला प्रश्न आपल्या सर्वांच्या घरातला आहे. 'ही वस्तू माझी आहे' असे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. म्हणजे नेमके काय म्हणतो?

आधी गिटारीविषयी. १९९७ साली, मी अकरावीत असताना, वडिलांनी ती श्रीरामपूरला एका कॉलेजच्या मुलाकडून ८०० रुपयांना जुनी म्हणून विकत घेतली. वडील साखर कारखान्यात कामगार होते. ८०० रुपये ही आमच्या घरात सहज खर्च करायची रक्कम नव्हती. आमच्या गावच्या चर्चमध्ये पेटी, ढोलकी आणि टाळ. गिटार मी पहिल्यांदा हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत मुंबईच्या तरुणांच्या हातात पाहिली आणि घरी येऊन हट्ट धरला. वडिलांना सुरातले काही कळत नव्हते. गिटार माझ्या हातात देताना ते एवढेच म्हणाले, "वाजवायची हां. नुसती टांगून ठेवलीस तर बघ."

त्या काळी आपल्याकडे मिळणाऱ्या कितीतरी स्वस्त गिटारी कोलकात्यात बनलेल्या असत. ही त्यांपैकीच एक. महागड्या गिटारीची वरची फळी अखंड लाकडाची असते. ती चांगली थरथरते आणि वर्षे जातील तसा तिचा आवाज खुलत जातो. माझ्या गिटारीची फळी प्लायवूडची. तिचा आवाज जन्मभर थोडा दबलेलाच राहणार. पण प्लायवूडचा एक गुण आहे. निफाड तालुक्यातला उन्हाळा, पावसाळा आणि ती हाडे गोठवणारी थंडी, या तिन्ही ऋतूंत ते अखंड लाकडापेक्षा कमी कुरकुर करते. ताण मात्र सगळ्याच गिटारींना सारखा. सहा पोलादी तारा सुरात लावल्या की त्यांची एकत्रित ओढ सुमारे ७० किलो भरते. म्हणजे एक मोठा माणूस रात्रंदिवस त्या पातळ फळीला लोंबकळत असतो, असे समजा. वर्षानुवर्षे ही ओढ सोसून फळी फुगते, दांडा किंचित वाकतो आणि तारा पट्टीपासून वर वर जातात. मग त्या दाबताना बोटे रडतात.

ही गिटार माझ्याबरोबर पुण्याला सेमिनरीत गेली. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करताना रात्री मी तिच्यावर हळू आवाजात गाणी बसवीत असे. २००९ साली वडील वारले. त्यांनी मला दिलेल्या वस्तूंपैकी तेवढी एकच उरली होती. तेव्हापासून मी ती कमी वाजवू लागलो आणि जास्त जपू लागलो. दर नव्या नेमणुकीला सामान आवरताना तिला चादरीत गुंडाळायचो आणि पोहोचल्यावर पहिला खिळा तिच्यासाठी ठोकायचो. हे सगळे मला प्रेम वाटत होते.

२०२४ च्या आगमनकाळात नाताळच्या गाण्यांचा सराव सुरू होता. नववीतला एक मुलगा सरावाच्या आधी पंधरा मिनिटे येऊन माझी गिटार वाजवीत बसे. त्याचे वडील द्राक्षबागेत मजुरीला जातात आणि शाळा सुटल्यावर तोही त्यांना हातभार लावतो. एके दिवशी त्याने विचारले, "फादर, आठवडाभर घरी नेऊ का? रात्री शिकेन."

मी म्हणालो, "बाळा, ती फार जुनी आहे, नाजूक आहे. तू इथेच येऊन वाजवत जा."

बोलणे गोड होते, पण तो नकार होता. मुलाला तो कळला. मान हलवून तो गेला आणि पुढच्या दोन सरावांना आला नाही.

त्याच आठवड्यात मी तरुणांना 'सायलेंट नाइट' या गीताची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी १८१८ च्या नाताळच्या रात्री ते प्रथम गायले गेले. शब्द लिहिणारे योसेफ मोर हे तिथले सहायक धर्मगुरू, चाल फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरांची. दोघांनी ते मिळून गायले आणि साथीला मोर यांनी स्वतः गिटार वाजवली. ती गिटार आज हालाइन गावच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. हे सांगताना मला फार आनंद होत होता: एका साध्या धर्मगुरूची साधी गिटार! रात्री कार्यालयात दिवा मालवायला गेलो आणि भिंतीकडे नजर गेली. मोर यांची गिटार संग्रहालयात आहे हे योग्यच, तिने आपले काम जगभर केले आहे. माझी गिटार मात्र संग्रहालयात ठेवावी असे तिच्या हातून काहीच घडलेले नव्हते, आणि तरी मी तिला संग्रहालयात टांगले होते. वडिलांनी ज्याची ताकीद दिली होती, ते मी त्यांच्याच आठवणीच्या नावाखाली केले होते.

नाताळच्या आधी कुटुंबांना भेटी देताना मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. मांडीवर लाकडाची एक पट्टी, तिच्यावर पेन्सिलीने ओढलेल्या सहा उभ्या रेघा आणि काही आडव्या. डाव्या हाताची बोटे रेघांवर दाबून तो कॉर्ड बदलण्याचा सराव करीत होता. पट्टीतून आवाज कुठला येणार? सूर तो तोंडाने गुणगुणत होता. मला पाहताच त्याने पट्टी पाठीमागे सरकवली. लाज मला वाटायला हवी होती, वाटली त्याला.

त्या रात्री मला सेमिनरीत शिकलेले दोन विचारवंत आठवले. पहिले फ्रान्सचे गॅब्रिएल मार्सेल. ते तत्त्वज्ञ, नाटककार आणि संगीतकारही होते. वयाच्या ३९ व्या वर्षी, १९२९ साली, त्यांनी कॅथलिक म्हणून बाप्तिस्मा घेतला. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा विषयच मुळी 'असणे' आणि 'जवळ बाळगणे' यांतला फरक हा आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: जी वस्तू मी नुसती बाळगतो, ती हरवेल, मोडेल, कोणी नेईल या भीतीने ती हळूहळू मलाच बाळगू लागते. मात्र माळ्याची बाग किंवा वादकाचे वाद्य यांची गोष्ट वेगळी. तिथे माणूस त्या वस्तूबरोबर रोज काहीतरी घडवीत असतो. त्यामुळे ती वस्तू त्याच्या असण्यातच मिसळून जाते आणि मालकीची भीती विरघळते. हे मी परीक्षेत व्यवस्थित लिहिले होते. पण त्या दृष्टीने पाहिले, तर ८०० रुपयांची ती गिटार माझी फारशी राहिलीच नव्हती. मी तिचा राखणदार झालो होतो. रेघा ओढलेली ती पट्टी मात्र त्या मुलाची पुरेपूर होती.

दुसरे, संत थॉमस अक्वायनस. ते १२७४ साली वारले. ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा मानतात, म्हणजे काळ तोच. वस्तू स्वतःची म्हणून ठेवणे योग्य आहे काय, या प्रश्नाचे त्यांनी दोन भाग केले. वस्तू मिळवणे आणि सांभाळणे यांपुरती मालकी योग्य आहे, कारण जे आपले असते त्याची माणूस अधिक काळजी घेतो, व्यवहारात गोंधळ होत नाही आणि भांडणे टळतात. पण वापराच्या बाबतीत माणसाने ती वस्तू सर्वांची समजावी आणि गरजवंताला सहज द्यायला तयार असावे. आम्हा धर्मप्रांताच्या धर्मगुरूंना दारिद्र्याचे व्रत नसते, चार वस्तू आमच्या नावावर असू शकतात. म्हणून पहिला भाग मला तोंडपाठ होता. दुसऱ्या भागाची वेळ आली, तेव्हा मी 'नाजूक आहे' म्हणालो.

आणि मग माझ्या लक्षात आले की, हे दोघेही विद्वान जे सांगतात ते आपली मायबोली कधीपासून सांगत आहे. इंग्रजीत वस्तू 'असण्या'साठी एक स्वतंत्र क्रियापद आहे. त्याचा कर्ता माणूस आणि वस्तू त्याच्या ताब्यात. मराठीत तसे क्रियापदच रोजच्या बोलण्यात नाही. आपण म्हणतो, 'माझ्याजवळ गिटार आहे.' या वाक्यात कर्ता गिटार आहे. ती आहे, आणि सध्या माझ्या जवळ आहे. आज माझ्याजवळ, काल कोणा दुसऱ्याजवळ, उद्या आणखी कोणाजवळ. शेतजमीन, घर, दागिने, सायकल, सगळ्यांबद्दल आपण असेच बोलतो, फक्त बोललेले ऐकत नाही.

नाताळ झाल्यावर मी गिटार खाली उतरवली. पण तशीच त्या मुलाच्या हाती देणे बरे नव्हते, कारण तारा फार वर गेल्या होत्या. आपल्याच धर्मग्रामातले, एचएएलमधून निवृत्त झालेले एक फिटर काका आहेत. त्यांच्याकडे ती नेली. गिटार त्यांनी जन्मात हाताळली नव्हती. त्यांनी बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजली: साडेचार मिलिमीटर. ती तीनवर आणायची होती. क्षणभर विचार करून ते म्हणाले, "फादर, हा बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. म्हणजे इथं दीड कमी करायला ब्रिजवरच्या पट्टीतून दुप्पट, तीन मिलिमीटर घासावं लागेल." तारा काढून त्यांनी ती प्लास्टिकची पट्टी कानशीने घासली, पॉलिश पेपर मारला, चाव्यांना तेलाचा थेंब दिला आणि नव्या तारा चढवल्या. काम करता करता म्हणाले, "आमच्याकडं विमान जुनं झालं म्हणून कोणी टाकून देत नाही, आणि जुनं आहे म्हणून तसंच उडवतही नाही. ओव्हरहॉल करतात."

ओझरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. मिग-२१ विमाने इथे बनली आणि पुन्हा पुन्हा उघडून, तपासून आकाशात गेली. शेवटी २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलाने त्यांना सन्मानाने निरोप दिला. जुन्या वस्तूशी वागण्याची ही रीत मला शहाणपणाची वाटते: कामात ठेवा, निगा राखा आणि वेळ आली की सोडा.

इथे कोणी म्हणेल, "फादर, एवढ्या जुन्या गिटारीपेक्षा मुलाला नवी, चांगली घेऊन द्यायची!" म्हणणे रास्त आहे. स्वस्त वस्तू स्वस्त आहे म्हणून पवित्र होत नाही. बोटे सोलणारे वाद्य गरिबाच्या मुलाला देऊन त्याला साधेपणाचे धडे देणे, हा शुद्ध अन्याय आहे. मलाही माझ्या साध्या गिटारीचा थोडा अभिमान होता. पाहुणे धर्मगुरू आले की मी मुद्दाम तिची किंमत सांगायचो. दारिद्र्याचाही दिखावा करता येतो. पुढेमागे कोणी गायकवृंदाला चांगली गिटार दिली तर आनंदाने घेऊ. पण नवे येईपर्यंत जुने भिंतीवर का लटकावे?

जानेवारीत मी गिटार त्यांच्या घरी घेऊन गेलो. मुलगा काही बोललाच नाही. आई घाबरली. "फादर, पोराच्या हातून फुटली तर?" मी म्हणालो, "फुटली तर काकांकडे नेऊ. आणि दुरुस्त नाहीच झाली तर वाजवताना फुटली म्हणू." हे बोलताना माझा आवाज थोडा हलला, ते त्या माउलीच्या लक्षात आले असावे. तिने आधी चहा ठेवला.

आता रविवारच्या दुसऱ्या मिस्सेला तुम्ही जी गिटार ऐकता, ती हीच. कॉर्ड बदलताना मुलगा अजून अडखळतो. एक-दोघांनी माझ्याकडे तशी तक्रार केली आहे. त्यांनी थोडी कळ काढावी ही विनंती. मीही १९९७ साली असाच अडखळत होतो आणि माझ्या गावच्या लोकांनी ते सोसले होते.

एक कबुली देऊन थांबतो. मागच्या महिन्यात गिटारीच्या कडेला एक नवा ओरखडा दिसला. माझे लक्ष आधी त्या ओरखड्याकडे गेले, मग मुलाच्या चेहऱ्याकडे. क्रम चुकला. म्हणजे सोडून देण्याचे काम अजून संपलेले नाही; वस्तू एका दिवसात देता येते, मन हप्त्याहप्त्याने द्यावे लागते.

आज घरी गेल्यावर एकदा माळ्यावर आणि कपाटाच्या मागे नजर टाका. आजोबांची पेटी असेल, न वाजणारा तबला असेल, मुलगी सासरी गेल्यापासून बंद असलेले शिवणयंत्र असेल, मोठ्याची पुस्तके असतील. ती आठवण म्हणून ठेवली असतील, तर तो काही गुन्हा नाही. फक्त स्वतःला विचारा: ही वस्तू माझ्याजवळ आहे, पण आत्ता ती कोणाजवळ असायला हवी?

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू